पहिली बेस गिटार: यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि तिच्यासोबतचं सामान

नवशिक्यानं पहिली बेस गिटार कोणती घ्यावी, याचं आमचं उत्तर सरळ आहे: चार तारांची, ३४ इंची स्केलची (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी), बॅटरी न लागणारी आणि पीजे पिकअपची (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग; ‘पीजे’ काय ते पुढे येतंच). सहज मिळणाऱ्या वाद्यांपैकी यामाहाची टीआरबीएक्स १७४ या वर्णनात चपखल बसते, म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिचं. सोबत आयबानेझ जीएसआर २००, स्क्वायर अफिनिटी आणि लहान स्केलच्या दोन बेसही घेतल्या आहेत, कारण प्रत्येकाचा हात आणि प्रत्येकाचं घर सारखं नसतं. पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या किमतीत एका मॉडेलपेक्षा दुसऱ्यात जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक नीट सेटअप केलेल्या, म्हणजे नेक आणि तारांची उंची मोजून जुळवलेल्या बेसमध्ये आणि खोक्यातून काढून तशीच हातात दिलेल्या बेसमध्ये असतो. तारा फ्रेटबोर्डापासून, म्हणजे बोटांनी दाबायच्या पट्टीपासून, गरजेपेक्षा उंच असल्या की बोटं दुखतात, आणि बोटं दुखली की वाद्य कोपऱ्यात जातं. यात वाजवणाऱ्याचा काही दोष नसतो.

टीआरबीएक्स १७४ ला मेपलचा, बोल्टनं जोडलेला नेक (लांब दांडा) आणि त्यावर २४ फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत. बॉडीवर दोन पिकअप: नेकच्या बाजूला दोन तुकड्यांत दुभंगलेला ‘पी’ आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात तिथं) सरळ पट्टीसारखा ‘जे’. नॉब तीन, दोन्ही पिकअपना एकेक व्हॉल्यूम आणि दोघांत मिळून एक टोन. ही अक्षरं लिओ फेंडरच्या दोन बेसवरून आली. १९५१ मध्ये त्याच्या कंपनीनं प्रिसिजन बेस आणली. उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात, तिथं सूर कानानं शोधावा लागतो. इथं फ्रेटमुळे तो नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. दुभंगलेला पिकअप तिच्यावर १९५७ मध्ये आला आणि दोन सरळ पिकअपची जॅझ बेस १९६० मध्ये. आज दुकानात लटकणाऱ्या बहुतेक स्वस्त बेस या दोघींच्याच वंशातल्या आहेत.

फक्त ‘पी’ पूर्ण उघडला की आवाज जाड आणि गोल येतो. ड्रम, ढोलकी, कीबोर्डच्या गर्दीतही तो हरवत नाही. ‘जे’ हळूहळू वाढवला की आवाजाला धार येते आणि बोटांची प्रत्येक चूक ऐकू येऊ लागते. म्हणून सरावाच्या वेळी ‘पी’ पूर्ण, ‘जे’ अर्धा आणि टोन अर्ध्याहून थोडा वर, ही मांडणी आम्हाला योग्य वाटते. टोन पूर्ण बंद करून सराव करू नये. सगळं मऊ आणि छान वाटतं, पण फ्रेटवर बोट नीट दाबलं जातंय की नाही ते कळतच नाही.

एक गोष्ट दुकानात हमखास गोंधळात टाकते. ‘जे’ एकट्यावर ठेवला की अॅम्पमधून बारीक घरघर ऐकू येते. तो बिघाड नव्हे. ‘पी’चे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या विजेची गुणगुण तिथं आपोआप कटते, ‘जे’ला एकच गुंडाळी, त्याला ती सोय नाही. ट्यूबलाइट, पंख्याचा डिमर, मोबाइलचा चार्जर जवळ असला की ती वाढते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर सगळं ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर मात्र ब्रिजखालची अर्थची वायर सुटलेली असण्याची शक्यता आहे, आणि ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय बेस ताब्यात घेऊ नये.

१७४ मधली आम्हाला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे. कमतरता दोन. एकट्या ‘जे’चा आवाज पातळ आहे. आणि कारखान्यातून येणाऱ्या तारा किती महिने दुकानात लटकल्या होत्या ते कळत नाही, त्यामुळे नव्या तारांचा एक संच सोबतच घ्यावा. यामाहाचीच टीआरबीएक्स ३०४ दिसायला देखणी आहे, पण तिच्यात अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारं सर्किट आणि पाच तयार आवाजांचा स्विच आहे. पहिल्या वर्षी आवाज बोटांतून काढायला शिकायचा असतो, तेव्हा तो स्विच मदतीपेक्षा अडथळाच जास्त करतो.

आयबानेझ जीएसआर २०० चा नेक सडपातळ आहे. गिटारवरून बेसकडे येणाऱ्याला आणि बारीक मनगटाच्या माणसाला तो लगेच आवडतो. पिकअप पीजेच, पण चौथा नॉब खर्ज वाढवणाऱ्या सर्किटचा आणि त्यासाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. अशा कुठल्याही बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी चालू राहते, मग तुम्ही वाजवा किंवा झोपा. सराव संपला की केबल काढायची सवय नसेल तर बॅटरी लवकर उतरते आणि आवाज तुटका, फाटका येऊ लागतो. स्क्वायर अफिनिटीत प्रिसिजन आणि जॅझ असे दोन्ही आकार मिळतात, फ्रेट २०. जॅझचा नेक नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) ३८ मिलिमीटरच्या आसपास, प्रिसिजनचा ४१-४२. तीन-चार मिलिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण मुठीत धरल्यावर ती दोन वेगळी वाद्यं वाटतात. कुठला नेक बरा हे लेख वाचून ठरणार नाही. दोन्ही पाच-पाच मिनिटं धरून पाहावे लागतात.

लहान हाताच्या मुलामुलींसाठी ३४ इंच जास्त होतात का? हिशेब करून पाहू. ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १७८ मिलिमीटर भरतं. ३० इंची बेसवर, म्हणजे स्क्वायर ब्रॉन्कोसारखीवर, तेच १५७. आयबानेझच्या मायक्रो बेसचं स्केल २८.६ इंच, तिथं १५०. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा फरक सुरू करणं आणि सोडून देणं यांमधला असतो, तिथं लहान स्केल बिनधास्त घ्यावं. मोठ्या माणसाला मात्र सहसा गरज पडत नाही, कारण पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं ताणून ठेवायचीच नसतात. तर्जनी पहिल्यावर, मधलं बोट दुसऱ्यावर, करंगळी तिसऱ्यावर आणि अनामिका तिला मागून टेकू देणारी; चौथा फ्रेट हवा तेव्हा अख्खा हात एक फ्रेट पुढे सरकवायचा. डबल बेस वाजवणारे असंच वाजवतात. लहान स्केल घेतलंच तर तारा त्याच मापाच्या मागाव्यात. लांब स्केलची तार तिथं बसवली तर तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि वळणावर तार खराब होते.

पाच तारांची बेस पहिली म्हणून नको. पाचवी खर्जाची तार, ३१ हर्ट्‌झच्या आसपासची, सतत दाबून गप्प ठेवावी लागते आणि स्वस्त वाद्यात ती ढिली, मऊ वाजते. ज्यांना चर्चमध्ये किंवा वाद्यवृंदात लगेच खालच्या पट्टीत वाजवायचं आहे, त्यांचा अपवाद मानू. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेली, नको. अकूस्टिक बेस तर मुळीच नको. अॅम्पचा खर्च वाचेल म्हणून लोक ती घेतात, पण चार माणसांत एक साधी गिटार वाजली तरी तिचा आवाज बुडतो आणि शेवटी अॅम्प घ्यावाच लागतो.

दुकानात काय तपासायचं

शक्य असेल तर बेस हातात घेऊनच विकत घ्यावी. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे, गोव्यात पणजी-मडगावलाही त्यांची दुकानं आहेत; पुणे, नाशिक, कोल्हापुरातही वाद्यांची चांगली दुकानं आहेत. जाण्याआधी फोन करून हवं ते मॉडेल खरंच ठेवलेलं आहे का ते विचारावं, कारण गिटारच्या मानानं बेस कमीच असतात. शोकेसमधली नव्हे, तर जी बेस प्रत्यक्ष तुमच्या घरी येणार तीच तपासायची.

आधी बेस सुरात लावून घ्या: जाड तारेकडून इ, ए, डी, जी. बेसुऱ्या बेसवर केलेली कुठलीच तपासणी खरी नसते, कारण तारांचा ताण बदलला की नेकचा बाक बदलतो. मग बॉडीकडून डोळा लावून नेकच्या कडेकडे पाहा, बंदुकीच्या नळीतून पाहावं तसं. अगदी हलका, तारांच्या दिशेनं उघडणारा बाक हवा. उलटा बाक ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या, फिरवून बाक बदलता येणाऱ्या गजानं) सुधारतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली, असा पीळ दिसला तर ती बेस तिथंच ठेवा. पीळ घरी निघत नाही.

आता खरं काम. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवायचा. २४ फ्रेटच्या बेसवर हे ९६ सूर होतात, सात-आठ मिनिटांचं काम आहे. अॅम्प बंद ठेवून, सावकाश, सारख्या जोरानं. तीन गोष्टी ऐकायच्या. एक, तार फ्रेटवर आपटल्याची चिरचिर. ती सगळीकडे थोडीथोडी असेल तर सेटअपनं जाते. दोन, लागोपाठच्या दोन फ्रेटवर एकच सूर येणं. तसं झालं तर पुढचा फ्रेट वर उचलला गेलाय आणि तो घासून किंवा ठोकून बसवावा लागेल. दुसरा नग मागा. तीन, एखादा सूर बाकीच्यांपेक्षा पटकन विझणं. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा मुका सूर पुष्कळ चांगल्या बेसवरही सापडतो. नेकच्या लाकडाची स्वतःची थरथर तिथं तारेची ताकद शोषून घेते, कारागिराला तो काढता येत नाही. थोडा असेल तर चालवून घ्यावा, ठक्क करून बंद पडत असेल तर घेऊ नये.

तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून आडवा फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर लाकूड सुकून आकसलंय. मग अॅम्प लावून प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवा. खरखर आली तर धूळ असते, क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. केबल जॅकमध्ये हलवून पाहा. आवाज तुटला तर जॅक घट्ट धरणारा स्क्रूचा नट ढिला आहे किंवा आतला सोल्डरचा डाग सुटलाय. शेवटी पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. नेक जमिनीकडे झुकला तर सराव करताना तुमचा डावा हात सूर दाबण्याऐवजी वजन पेलत बसेल, खांदा आखडेल. ही वाद्यं साधारण साडेतीन ते साडेचार किलोंची असतात. तीन इंच रुंदीचा, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा हा त्रास पुष्कळ कमी करतो. दुकानदार फुकट देतो तो दोन इंची गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरत राहतो.

ऑनलाइन मागवली तर हेच सगळं परतीची मुदत संपायच्या आत करायचं, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा. जुनी घेताना एक तपासणी जास्त: ट्रस रॉड फिरतो का. विकणाऱ्यासमोरच अॅलन कीनं पाव फेऱ्याहून कमी ढिला करून परत घट्ट करून पाहावा. तो जाम असेल किंवा नुसता फिरत राहून काहीच होत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, परत यावं.

सेटअपचे आकडे

हजार-दीड हजार रुपये सेटअपसाठी बाजूला ठेवा आणि कारागिराला ‘जरा बघून द्या’ म्हणू नका, आकडे सांगा. फेंडरची प्रचलित मापं सुरुवातीला चांगली आहेत. पहिला फ्रेट कॅपोनं (नेकवर लावायच्या चिमट्यानं) आणि बॉडीला लागणारा फ्रेट बोटानं दाबला असता आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ मिलिमीटर फट. मग कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारेची उंची: इ तारेखाली २.४ मिलिमीटर, जी तारेखाली २ मिलिमीटर. हे स्टीलच्या पट्टीवर घरीही मोजता येतं. नव्या बेस बऱ्याचदा तीन मिलिमीटरच्या वर येतात.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी ट्रस रॉड, मग ब्रिजवरच्या सॅडलची (प्रत्येक तार टेकते त्या तुकड्याची) उंची, मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागेल असं जुळवणं. ट्रस रॉड एका वेळी जास्तीत जास्त पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून, थोडा वेळ थांबून मोजायचं. घट्ट केला की बाक कमी होतो. जोर लावावा लागत असेल तर थांबायचं. मोडलेल्या ट्रस रॉडची दुरुस्ती बेसच्या किमतीइतकी जाऊ शकते.

नटकडे मात्र फार कमी लोक बघतात, आणि नवशिक्याचा सगळा वेळ पहिल्या पाच फ्रेटवरच जातो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहा. कागदाची घडी जाईल एवढी बारीक फट हवी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर नटच्या खाचा कमी खोल आहेत. अशा बेसवर पहिल्या फ्रेटचा सूर चढा लागतो आणि दाबायलाही ताकद जाते. खाच खोल करायचं काम स्वतः करू नये, कानसेचा एक घास जास्त गेला की नवा नट बसवावा लागतो.

इंटोनेशन साधं आहे. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. जुन्या, मळलेल्या तारांवर हे करण्यात अर्थ नाही.

आवाजाचं काय

मोकळ्या इ तारेचा सूर ४१ हर्ट्‌झचा. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो निघतच नाही. आपल्याला ऐकू येतात ती त्याची वरची आवर्तनं. म्हणून ज्याला ‘बेस ऐकूच येत नाही’ असं वाटतं त्यानं आधी बरे हेडफोन लावावेत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं पहिल्या सहा महिन्यांसाठी अॅम्पऐवजी हेडफोनचीच सोय करावी, असं आमचं ठाम मत आहे. खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो. तुमच्या खोलीत बेताचा वाटणारा आवाज खालच्या मजल्यावर भांडी थरथरवतो. वॉक्सचा बेससाठीचा अॅमप्लग, म्हणजे हेडफोन लावायचा चिमुकला अॅम्प, थेट जॅकमध्ये खोचला जातो आणि दोन छोट्या ट्रिपल-ए सेलवर चालतो. त्याहून थोडे जास्त पैसे असतील तर झूमचं बी१ फोर घ्यावं: ट्यूनर, ड्रमचे ठेके आणि हेडफोनची सोय, सगळं एकात. ठेक्याबरोबर सराव करायची सवय पहिल्या दिवसापासून लागते, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. लॅपटॉप असेल तर फोकसराइट स्कार्लेट सोलोसारखा ऑडिओ इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी) चालेल, फक्त इनपुटचा ‘इन्स्ट्रुमेंट’ स्विच चालू हवा. तो बंद असेल तर आवाज पातळ आणि निर्जीव येतो. हेडफोन कान झाकणारे आणि वायरचे. ब्लूटूथला शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर होऊ शकतो. १२० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही वाजवता तिथं नाहीच, जवळजवळ पाव मात्रा मागे ऐकता. त्यावर लय बसणार कशी?

अॅम्प हवाच असेल तर फेंडर रंबल २५, ८ इंची स्पीकरचा, खोलीपुरता पुरेसा आहे. रंबल ४० चा स्पीकर १० इंची, त्याला मिक्सरकडे जाणारी लाइन आउटही आहे आणि वजन आठ किलोंच्या आसपास. आमची पसंती त्याला. गिटारचा छोटा अॅम्प वापरायचा मोह टाळावा. हळू आवाजात चालतो, पण जोरात वाजवलं की त्याचा स्पीकर खर्ज सोसू शकत नाही, आधी फडफडतो आणि मग फाटतो. ड्रम वाजवणारा माणूस शेजारी असेल तर २५ किंवा ४० वॅटचा उपयोग नाही, तिथं रंबल १०० सारखा १२ इंची लागतो. घरात अॅम्प जमिनीवर थेट न ठेवता जाड फोमवर किंवा खुर्चीवर ठेवावा, कोपऱ्यात ढकलू नये. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि सगळे सूर एकसारखे घुमतात.

बाकीचं सामान थोडक्यात. तीन मीटरची इन्स्ट्रुमेंट केबल, जिचा प्लग स्क्रूनं उघडतो अशी, म्हणजे डाग सुटला तर घरी लावता येतो. क्लिप-ऑन ट्यूनरला इ तार पकडायला त्रास होतो. तेव्हा बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून लावावी, तो ८२ हर्ट्‌झचा असतो आणि लगेच पकडला जातो. स्टँड हवाच, भिंतीला टेकवलेली बेस कधीतरी पडतेच आणि पडताना हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, पडते. पिशवीला जाड फोम हवा. कॉम्बो पॅकमध्ये हे सगळं मिळतं, पण अनोळखी नावाच्या पॅकमधला दहा वॅटचा अॅम्प आणि ओतीव प्लगची केबल वर्षभरात बदलावी लागते. स्क्वायरचा रंबल १५ सह येणारा पॅक मात्र ठीक आहे.

तीस-पस्तीस हजारांत हे सगळं बसवायचं असेल तर निम्म्याहून थोडे जास्त पैसे बेसवर घालावेत. हेडफोनच्या सोयीवर पाच-सहा हजार, उरलेल्यात सेटअप, तारा, पट्टा, केबल, स्टँड. सगळी रक्कम बेसवर घालून सेटअपला पैसेच उरले नाहीत, अशी खरेदी सर्वांत वाईट.

आपल्या गाण्यांसाठी

ऑनलाइन धडे बहुतेक इ आणि ए पट्टीत असतात, कारण तिथं मोकळ्या तारा मिळतात. पेटीवाला मात्र म्हणतो ‘काळी एक’, आणि नवशिका अडतो. तेव्हा हे पाठ करून ठेवावं. पांढरी एक म्हणजे ए तारेचा तिसरा फ्रेट, काळी एक चौथा, पांढरी दोन पाचवा, काळी दोन सहावा. पांढरी चार इ तारेच्या पहिल्या फ्रेटवर, पांढरी पाच तिसऱ्यावर, काळी चार चौथ्यावर, काळी पाच सहाव्यावर. पुरुष गायक बरेचदा पहिल्या चौघांत सापडतात, स्त्री गायिका काळी चार-पाचच्या आसपास. या सगळ्या जागा पहिल्या सहा फ्रेटमध्ये येतात, म्हणून तर नटची उंची एवढी महत्त्वाची.

ढोलकी किंवा तबल्याबरोबर वाजवताना खर्जाची जागा डग्गा आणि धुम (ढोलकीची खर्जाची बाजू) आधीच घेऊन बसलेले असतात. तिथं अॅम्पवरचा बेस नॉब वाढवला की दोघांचाही चिखल होतो. बेस नॉब मध्यावर किंवा त्याखाली, मिड थोडा वर, सूर आखूड आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याला वाट देणारे. हिंदी चित्रपटगीतांत हे कसं करतात ते ऐकायचं असेल तर राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांचं वादन हेडफोन लावून ऐकावं. मुंबईच्या मोहिनी डे यांचं वादनही ऐकावं, पण त्यांच्या वेगाकडे पाहून नव्हे, प्रत्येक सूर कुठं थांबतो ते पाहून.

पहिल्या संचासाठी डी’अॅडारियोचा ईएक्सएल १७० ठीक आहे, जाडी ४५-६५-८०-१०० (इंचाच्या हजाराव्या भागांत). पुढचा संच सर्वांत जाड तार १०५ ची असलेला घेतला तर ताण वाढतो आणि नेक पुन्हा मोजावा लागतो. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, बोट सरकताना चरचरत नाहीत आणि जुन्या गाण्यांना फार शोभतात.

तार बदलताना एकेक बदलावी. नवी तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर ठेवून आधी काटकोनात वाकवायची आणि मग कापायची. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावर सैल पडू शकतं आणि तार मुकी होते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली, एकावर एक न चढवता.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून तारा गंजू लागतात आणि नेक हलतो. कुणाचा बाक वाढतो, कुणाचा कमी होतो, त्यामुळे अंदाजानं ट्रस रॉड फिरवू नये. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा, तीच ०.३ मिलिमीटरची फट मोजावी. सराव झाला की प्रत्येक तार सुती फडक्यानं वरून आणि खालून पुसावी, पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात आणि त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात.